तेच रसायन, उलट परिणाम: सिनॅप्सवर नेमकं ठरवतं कोण?

अर्धविराम (धागाकर्ता)

न्यूरॉन (चेतापेशी) एकमेकांना निरोप द्यायला जी रसायनं सोडतात, त्यांची एक यादी मेंदूविषयीच्या लोकप्रिय लेखांत हमखास भेटते. ग्लुटामेट उत्तेजक, गाबा शामक, डोपामिन म्हणजे आनंद, सेरोटोनिन म्हणजे समाधान. पहिल्या दोन नोंदी निदान बऱ्याच ठिकाणी खऱ्या ठरतात. शेवटच्या दोन दिसल्या की मी पान उलटतो. या यादीचं दुखणं एकच: परिणाम त्या रेणूच्या अंगातच भरलेला असतो असं ती धरून चालते. माझं म्हणणं असं की रेणूला स्वतःचं काही मत नसतं. सिनॅप्सवर, म्हणजे दोन न्यूरॉनच्या सांध्यावर, समोरच्या न्यूरॉनने आपल्या पटलावर (पेशीच्या आवरणावर) कोणता रिसेप्टर, म्हणजे रेणू पकडणारं प्रथिन, बसवला आहे आणि त्या रिसेप्टरच्या पाठीमागे, पेशीच्या आत, काय जोडून ठेवलं आहे, यावर सगळं ठरतं.

सगळ्यात जुना पुरावा ॲसिटिलकोलिनचा. ऑटो लोवी यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेला बेडकाच्या हृदयांचा प्रयोग अनेकांना माहीत असेल. एका हृदयाची व्हेगस नस (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) विजेने चेतवली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचा द्रव काढून दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावलं, आणि त्याची नस तर कोणी चेतवलेली नव्हती. म्हणजे पहिल्या नसेतून द्रवात काहीतरी उतरलं होतं. ते पुढे ॲसिटिलकोलिन निघालं. १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना विभागून मिळालं. आता गंमत बघा. हेच ॲसिटिलकोलिन हातापायाच्या स्नायूवर पडलं की स्नायू आवळतो. रेणूत एका अणूचाही फरक नाही.

फरक आहे तो रिसेप्टरमध्ये. स्नायूवर असतो निकोटिनिक रिसेप्टर: पाच उपघटकांचं कडं आणि मधोमध छिद्र. ॲसिटिलकोलिनचे दोन रेणू चिकटले की छिद्र उघडतं, सोडियम आत घुसतं, थोडं पोटॅशियम बाहेर जातं आणि पटलाचं एरवी ऋण असलेलं व्होल्टेज शून्याच्या दिशेने चढतं. रिसेप्टर आणि चॅनेल (आयनांना वाट देणारं छिद्र) हे एकच प्रथिन असल्यामुळे मधे कोणी नाही. सगळं मिलिसेकंदाच्या आत सुरू होतं.

हृदयावर असतो मस्कारिनिक रिसेप्टर, एम-२ प्रकारचा. याला छिद्रच नाही. हा प्रथिनाचा एक सलग धागा, पटलातून सात वेळा आरपार ओवलेला. बाहेरून रेणू चिकटला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि आतल्या बाजूचं जी-प्रथिन (निरोप पेशीत पुढे नेणारं प्रथिन) जागं होतं. जी-प्रथिनाचे दोन भाग सुटे होतात. त्यातला बीटा-गॅमा भाग पटलालगत सरकत जाऊन पोटॅशियमचं एक निराळंच चॅनेल उघडतो. पोटॅशियम बाहेर पडतं, व्होल्टेज आणखी ऋण होतं आणि दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं.

पहिल्या जातीला आयनोट्रॉपिक म्हणतात, दुसरीला मेटाबोट्रॉपिक. दुसरी संथ आहे, पण तिच्यात पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर संदेश मोठा करता येतो, अडवता येतो, किंवा दुसरीकडे वळवता येतो. मला वाटतं न्यूरॉनची खरी करामत या दुसऱ्या जातीत आहे, आणि तिच्याबद्दल मराठीत फारच कमी लिहिलं जातं. इथपर्यंत पटतंय का सांगा, मग पुढे जाऊ.

शंकासुर

शाळेत रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि रसायन म्हणजे किल्ली असं शिकलो होतो. ते बाद समजायचं का?

अर्धविराम

बाद नाही, अर्धवट. कोण कुठे बसतं एवढंच त्यातून कळतं. दार उघडल्यावर आत काय होतं याबद्दल ती उपमा गप्प आहे, आणि हा धागा आतल्या भागाबद्दलच आहे.

निळी शाई

मी भूलतज्ज्ञ आहे. धाग्यातला मुद्दा आमच्या औषधांच्या ट्रेवर रोज दिसतो, म्हणून लिहिते.

शस्त्रक्रियेत स्नायू सैल ठेवायला व्हेक्युरोनियमसारखं औषध देतात. ते स्नायूवरच्या निकोटिनिक रिसेप्टरवर ॲसिटिलकोलिनची जागा अडवून बसतं. शेवटी हा परिणाम उतरवण्यासाठी निओस्टिग्मीन द्यायची पद्धत आहे. निओस्टिग्मीन ॲसिटिलकोलिन तोडणाऱ्या एन्झाइमला रोखतं, त्यामुळे ॲसिटिलकोलिन साचतं आणि अडवणाऱ्या औषधाला जागेवरून हुसकावतं. पण ते फक्त स्नायूंपाशी साचत नाही, सगळीकडे साचतं. नुसतं निओस्टिग्मीन दिलं तर एकीकडे स्नायूंत ताकद परतते आणि दुसरीकडे हृदयाचे ठोके धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. शिवाय लाळ सुटते, श्वासमार्गात स्राव वाढतो. म्हणून जोडीला ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिन. ही दोन्ही नेहमीच्या मात्रेत मस्कारिनिक रिसेप्टर अडवतात, स्नायूवरच्या निकोटिनिकला धक्का लावत नाहीत.

एकाच रेणूचा हवा तो परिणाम ठेवायचा आणि नको तो कापायचा, हे रिसेप्टर वेगळे असल्यामुळेच जमतं.

अवांतर: सुगमाडेक्स हे औषध थेट व्हेक्युरोनियमच्याच रेणूला गिळतं, त्यामुळे हा द्राविडी प्राणायाम आता काही औषधांपुरता टळतो.

शंकासुर

हे भारी आहे. शस्त्रक्रियेनंतर तोंड कोरडं का पडतं तेही कळलं बहुतेक.

निळी शाई

हो, त्याचं एक कारण तेच.

काजवा

मी सॉफ्टवेअरवाला, जीवशास्त्र दहावीला सोडलं. कृत्रिम न्यूरल नेटवर्कमध्ये प्रत्येक जोडणीला एक आकडा असतो, धन किंवा ऋण. ॲसिटिलकोलिनचं ठीक आहे, ते दोन्हीकडे जातं. पण मेंदूतला बहुतेक कारभार ग्लुटामेट आणि गाबावर चालतो ना? मग ग्लुटामेट धन, गाबा ऋण, एवढं तरी पक्कं धरू का?

टिटवी

नका धरू. आणि इथे माझा धागाकर्त्यांशीही थोडा वाद आहे.

गाबाचा वेगवान रिसेप्टर म्हणजे गाबा-ए. त्यात क्लोराइडचं छिद्र आहे. छिद्र उघडल्यावर क्लोराइड आत जाणार की बाहेर येणार हे रिसेप्टर ठरवत नाही. ते आत-बाहेर किती क्लोराइड आहे आणि पटलाचं व्होल्टेज किती आहे यावर ठरतं. हिशेब करून बघा. बाहेर १२० मिलिमोलर क्लोराइड, आत ७. नर्न्स्टच्या समीकरणाने ३७ अंश सेल्सिअसला क्लोराइडचा समतोल (ज्या व्होल्टेजला त्याची आत-बाहेर ओढ बरोबरीत सुटते ते) येतो उणे ७६ मिलिव्होल्टच्या आसपास. पेशी उणे ७० वर बसलेली असेल, तर गाबा तिला खाली ओढेल. आता आतलं क्लोराइड २५ करा. समतोल उणे ४२ वर आला. तीच पेशी, तोच गाबा, तोच रिसेप्टर, पण आता क्लोराइड बाहेर पडतं आणि व्होल्टेज वर चढतं.

आकडे हिशेबाच्या सोयीचे घेतलेत, पण परिस्थिती काल्पनिक नाही. वाढीच्या सुरुवातीच्या काळात कोवळ्या न्यूरॉनमध्ये एनकेसीसी-१ हे वाहक प्रथिन क्लोराइड आत आणत असतं आणि ते बाहेर फेकणारं केसीसी-२ अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. म्हणून तिथे गाबा पेशीला विध्रुवित करतो, म्हणजे तिचं व्होल्टेज वर चढवतो. पुढे केसीसी-२ वाढतं, क्लोराइड उपसलं जातं आणि गाबाचं चिन्ह उलटतं. मज्जातंतूंना इजा झाल्यावर काही प्रौढ न्यूरॉनमध्ये केसीसी-२ पुन्हा कमी होतं, आणि गाबाचा लगाम ढिला पडतो. जुनाट वेदनेच्या संशोधनात हा मोठा विषय आहे.

म्हणजे रिसेप्टर बदलला नाही, त्याच्या मागचा संदेशमार्ग बदलला नाही (गाबा-एला तसा मार्गच नाही), तरी उत्तर उलटलं. "रिसेप्टर ठरवतो" हे मला म्हणूनच अपुरं वाटतं.

अर्धविराम

टिटवीताई, "पेशीच्या आत काय जोडून ठेवलं आहे" असं मी लिहिलंय. त्यात मी आयनांचे वाहकही धरतो.

टिटवी

मग त्या वाक्यात अख्खी पेशीच मावते, आणि वाक्याला काही धार उरत नाही. :-) असो. मुद्दा चिन्हाचा होता.

काजवा, अजून एक कोपरा. व्होल्टेज वर चढवूनसुद्धा गाबा पेशीला रोखू शकतो. छिद्रं उघडी असतात तेव्हा पटलाचा रोध घटतो. ओहमच्या नियमाने, त्याच वेळी आलेला ग्लुटामेटचा तेवढाच प्रवाह आता कमी व्होल्टेज उभं करतो. चढवतो पण वाढू देत नाही, असा हा प्रकार. याला शंटिंग इन्हिबिशन म्हणतात. धन-ऋण अशा एका आकड्यात हे बसवून दाखवा!

काजवा

बसत नाही. मान्य. मग ग्लुटामेट तरी?

पिंगळा

ग्लुटामेटची उलटी बाजू बघायची तर डोळ्याच्या पडद्यात या. माझा हा आवडता सिनॅप्स आहे.

अंधारात प्रकाशग्राही पेशी सतत ग्लुटामेट सोडत असतात. प्रकाश पडला की सोडणं कमी होतं. (हो, उलटंच आहे, प्रकाशाने पेशी "बंद" होते.) हा ग्लुटामेट दोन प्रकारच्या बायपोलर पेशींवर (पडद्यातल्या पुढच्या टप्प्यातल्या न्यूरॉनवर) पडतो. ऑफ-बायपोलर पेशींवर नेहमीचे आयनोट्रॉपिक रिसेप्टर असतात, म्हणून त्या अंधारात उत्तेजित राहतात. ऑन-बायपोलर पेशींवर मात्र एमग्लूआर-६ नावाचा मेटाबोट्रॉपिक रिसेप्टर असतो. तो जी-प्रथिनामार्फत टीआरपीएम-१ नावाचं धन आयनांचं चॅनेल बंद ठेवतो. त्यामुळे ग्लुटामेट आहे तोवर ऑन पेशी गप्प. प्रकाश पडला, ग्लुटामेट घटला, चॅनेलवरची बंदी उठली, पेशी जागी झाली.

एकाच प्रकाशग्राही पेशीतून निघालेला एकच रेणू. इकडे "अंधार आहे" असं सांगतो, तिकडे त्याचं नसणं "उजेड आला" असं सांगतं. उजेड-अंधाराच्या दोन स्वतंत्र वाहिन्या पुढे मेंदूपर्यंत जातात, त्यांची फाटाफूट या एका रिसेप्टरच्या निवडीतून होते. एमग्लूआर-६ किंवा टीआरपीएम-१ यांची जनुकं बिघडली तर जन्मजात रातांधळेपण येतं, वयानुसार न वाढणारं.

इथे टिटवींपेक्षा मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. या सिनॅप्सवर रिसेप्टरच ठरवतो.

अर्धविराम

आभार, पिंगळा. हे उदाहरण मी राखून ठेवलं होतं, पण तुम्ही जास्त नीट लिहिलंत.

चिन्हाचा वाद तूर्त बाजूला ठेवतो, कारण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट आहे वेळ. त्यासाठी पुन्हा बेडूक.

बुलफ्रॉग या बेडकाच्या सिंपथेटिक गँग्लिऑनमधला (मेंदूबाहेरच्या न्यूरॉनच्या एका पुंजक्यातला) एक न्यूरॉन घ्या. त्याच्याकडे येणाऱ्या नसा चेतवल्या तर त्याच्यात एकामागून एक तीन वेगवेगळ्या उत्तेजना उमटतात. पहिली ३० ते ५० मिलिसेकंदांत संपते: ॲसिटिलकोलिन, निकोटिनिक रिसेप्टर. दुसरी सावकाश चढते आणि अर्धा ते एक मिनिट टिकते: तेच ॲसिटिलकोलिन, पण मस्कारिनिक रिसेप्टर. तिसरी पाच-दहा मिनिटं रेंगाळते. ती ॲसिटिलकोलिनची नाहीच, एलएचआरएच या संप्रेरकासारख्या एका पेप्टाइडची (छोट्या प्रथिनाची) आहे. लिली जान, यू-नुंग जान आणि स्टीफन कुफलर यांनी १९७९ मध्ये हे दाखवलं. हे पेप्टाइड ज्या पेशींवर काम करतं, त्यांतल्या काहींशी ते सोडणाऱ्या तंतूंचा थेट सिनॅप्ससुद्धा नसतो. शेजारून झिरपत येतं आणि ज्याच्याकडे रिसेप्टर आहे त्यालाच ऐकू येतं.

एका चेतनेला एकाच पेशीने मिलिसेकंद, मिनिट आणि दहा मिनिटं अशा तीन मापांत उत्तर दिलं.

दुसरं उत्तर कसं घडतं ते जास्त मजेशीर आहे. तिथे चॅनेल उघडत नाही, बंद होतं. १९८० मध्ये ब्राउन आणि ॲडम्स यांनी याच पेशींत पोटॅशियमचा एक प्रवाह शोधला, त्याला एम-प्रवाह म्हणतात. पेशी थोडी वर चढली की हा सुरू होतो आणि तिला परत खाली आणतो, म्हणजे वारंवार आवेग (न्यूरॉनचा पुढे धावणारा विजेचा संदेश) सोडू देत नाही. मस्कारिनिक रिसेप्टर जागा झाला की जीक्यू-प्रथिन (जी-प्रथिनाचा एक प्रकार), मग फॉस्फोलायपेज-सी हे एन्झाइम, आणि ते पटलातला पिप-२ नावाचा मेदरेणू तोडतं. एम-प्रवाहाच्या चॅनेलला उघडं राहायला हाच पिप-२ लागतो. तो संपला की चॅनेल मिटतं.

याचा परिणाम बघा. व्होल्टेज फार चढत नाही. पण पोटॅशियमची गळती थांबल्याने पटलाचा रोध वाढतो (टिटवीताईंच्या शंटिंगच्या बरोब्बर उलट), आणि आता तोच जुना वेगवान झटका आला की जिथे आधी एक आवेग निघत होता तिथे आवेगांची माळ लागते. संथ सिनॅप्सने स्वतः काहीच सांगितलं नाही. वेगवान सिनॅप्सचं म्हणणं पेशीने किती मनावर घ्यायचं एवढं बदललं. मेटाबोट्रॉपिक मार्गांना नियंत्रक म्हणायचं ते यासाठी.

खडूधूळ

वाचतोय. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). एनएमडीए रिसेप्टरवर कोणीतरी सविस्तर लिहा, बारावीच्या वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारतं आणि पुस्तकात ओळभर असतं.

शंकासुर

+१

टिटवी

लिहिते. ग्लुटामेट सुटला की बहुतेक उत्तेजक सिनॅप्सवर त्याला दोन आयनोट्रॉपिक रिसेप्टर शेजारीशेजारी भेटतात. एएमपीए आणि एनएमडीए. एएमपीए घाईचा: उघडतो, काही मिलिसेकंदांत मिटतो, ग्लुटामेट रेंगाळला तर असंवेदनशील होऊन बसतो. एनएमडीए संथ, त्याचा प्रवाह दहापट किंवा त्याहून जास्त वेळ टिकतो. त्याला ग्लुटामेटबरोबर ग्लायसिन किंवा डी-सेरिनही चिकटलेलं लागतं. पण खरी गोम पुढे आहे. दोन्ही रेणू चिकटले, छिद्र उघडलं, तरी पेशी उणे ७० वर असेल तर प्रवाह जवळजवळ वाहत नाही. कारण बाहेरचा मॅग्नेशियमचा आयन छिद्रात येऊन अडकतो. पेशीचं व्होल्टेज वर चढलं तरच तो बाहेर ढकलला जातो. १९८४ मध्ये दोन प्रयोगशाळांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं.

म्हणजे या रिसेप्टरला एकाच वेळी दोन गोष्टी खऱ्या हव्यात. पलीकडच्या पेशीने ग्लुटामेट सोडलेला असावा, आणि ही पेशी आधीच उत्तेजित असावी. दोन्ही जुळलं की कॅल्शियम आत येतं. रेणूच्या पातळीवरचा हा योगायोग-शोधक आहे. काजवा, तुमच्या भाषेत हा अँड गेट.

कॅल्शियम आत आल्यावर कथा विजेची राहत नाही, एन्झाइमांची होते. ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं आणि पुढे दोन वाटा फुटतात. कॅल्शियम जोरात आणि थोडक्यात आलं तर कॅमके-२ हे बारा उपघटकांचं कायनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) जागं होतं. ते आपल्याच शेजारच्या उपघटकांना २८६ क्रमांकाच्या थ्रिओनिनवर (एका अमिनो आम्लावर) फॉस्फेट लावतं, त्यामुळे कॅल्शियम ओसरल्यावरही काही काळ जागं राहतं. त्यातून सिनॅप्सवर जास्त एएमपीए रिसेप्टर येऊन टिकतात आणि पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटला मोठं उत्तर मिळतं. कॅल्शियम थोडं पण बराच वेळ येत राहिलं तर कॅल्सिन्युरिन हे फॉस्फेट काढणारं एन्झाइम वरचढ ठरतं, कारण त्याला कमी कॅल्शियम पुरतं. मग एएमपीए रिसेप्टर पटलावरून आत ओढले जातात आणि सिनॅप्स क्षीण होतो.

हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाच्या) कापांवर हे ठरावीक पद्धतीने करून दाखवतात. सेकंदाला १०० अशी आवेगांची झोड, सेकंदभर: सिनॅप्स बळकट. सेकंदाला एक असे ९०० आवेग: सिनॅप्स दुबळा. बळकटीकरणाचा मूळ शोध ब्लिस आणि लोमो यांचा, १९७३, सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये.

इथे मला खरोखर थक्क व्हायला होतं. एकच आयन, एकाच छिद्रातून, आणि किती जोराने व किती वेळ आला यावर दोन विरुद्ध निकाल. अर्धविराम, तुमच्या "रिसेप्टर ठरवतो" ला हा माझा दुसरा आक्षेप.

अर्धविराम

दुसरा आक्षेप मला आवडला. पण तो माझ्याच बाजूने जातो, कारण निकाल कॅल्मोड्युलिनच्या पलीकडे कोणती एन्झाइमं वाट बघत बसली आहेत यावरच झाला.

पिंगळा

तुम्ही दोघं एकच गोष्ट वेगवेगळ्या टोकांनी सांगताय असं मला दिसतंय. चालू द्या, आमचा फायदा आहे.

शंकासुर

डोपामिनवर पान उलटता म्हणालात. का ते तरी सांगा.

अर्धविराम

कारण डोपामिन पेशीवर पडल्यावर सहसा ठोस असा वेगवान प्रवाह वाहतच नाही. त्याचे पाचही रिसेप्टर मेटाबोट्रॉपिक आहेत. डी-१ गटाचे रिसेप्टर सायक्लिक एएमपी (पेशीच्या आतला निरोप्या रेणू) वाढवतात, डी-२ गटाचे घटवतात. स्ट्रायटममध्ये (मेंदूतल्या हालचालींशी निगडित भागात) हे दोन रिसेप्टर बव्हंशी वेगवेगळ्या न्यूरॉनवर असतात. म्हणून तिथे डोपामिन वाढला की एका गटाच्या पेशी कॉर्टेक्सकडून येणाऱ्या ग्लुटामेटला जास्त दाद देतात आणि दुसऱ्या गटाच्या कमी. त्या दोन गटांचा हालचालींवरचा परिणाम परस्परविरुद्ध असल्यामुळे दोन्हींची बेरीज एकाच दिशेला जाते. पार्किन्सनमध्ये डोपामिन आटतो तेव्हा हा तोल बिघडतो.

सायक्लिक एएमपीच्या पुढची पायरी पॉल ग्रीनगार्ड यांनी उलगडली. प्रथिन कायनेज-ए हे डार्प-३२ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट लावतं, आणि मग डार्प-३२ फॉस्फेट काढणाऱ्या पीपी-१ एन्झाइमलाच रोखून धरतं. म्हणजे लावणारा हात चालू आणि पुसणारा हात बांधलेला. दोन्ही बाजूंनी जोर. ग्रीनगार्ड, आर्विद कार्लसन आणि एरिक कँडेल यांना २००० चं नोबेल याच प्रांतातल्या कामासाठी मिळालं. यात "आनंद" कुठे बसवायचा ते यादीवाल्यांना विचारा.

नवखी

पहिल्यांदाच लिहितेय. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या सेरोटोनिन वाढवतात असं वाचलंय. मग गुण यायला आठवडे का लागतात?

निळी शाई

चांगला प्रश्न, आणि या धाग्याशी थेट संबंध आहे. सेरोटोनिन परत शोषून घेणारं वाहक प्रथिन या गोळ्या काही तासांतच अडवतात. पण सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींच्या स्वतःच्या अंगावरही ५-एचटी-१ए नावाचे रिसेप्टर असतात. भोवती सेरोटोनिन वाढला की ते रिसेप्टर पोटॅशियमची चॅनेल उघडून त्या पेशींचाच वेग कमी करतात. सुरुवातीला गोळी एका हाताने देते ते पेशी दुसऱ्या हाताने काढून घेते. आठवडे गेल्यावर हे रिसेप्टर बोथट होतात आणि मग सेरोटोनिनचा प्रवाह खरोखर वाढतो. उशिराचं हे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. त्याखेरीज जनुकांच्या पातळीवरचे आणि सिनॅप्सच्या बांधणीतले संथ बदलही त्यात धरले जातात. गोळी सुरू करणं, बंद करणं, बदलणं मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच.

नवखी

समजलं. धन्यवाद.

निळी शाई

आलेच आहे तर गाबा-एबद्दल एक. बेंझोडायझेपिन आणि बार्बिट्युरेट दोन्ही याच रिसेप्टरवर काम करतात. पहिली औषधं छिद्र अधिक वेळा उघडायला लावतात, दुसरी ते जास्त वेळ उघडं ठेवतात. ऐकायला किरकोळ फरक. पण बेंझोडायझेपिनला गाबा हजर असावाच लागतो, आणि मोठ्या मात्रेत बार्बिट्युरेट गाबाशिवायही छिद्र उघडतात. अतिमात्रेत बार्बिट्युरेट एवढी घातक का, याचं मोठं कारण हेच.

शिवाय गाबा-एचे सगळे नमुने बेंझोडायझेपिनला दाद देत नाहीत. अल्फा उपघटक १, २, ३ किंवा ५ असून जोडीला गॅमा उपघटक असेल तर देतात. अल्फा-४ आणि अल्फा-६ वाले देत नाहीत, एका अमिनो आम्लाच्या फरकामुळे. टिटवी आणि अर्धविराम यांच्या वादात हे माझं मत म्हणून धरा: नुसतं "गाबा-ए" म्हणणंही पुरेसं नाही.

काजवा

सगळं दोनदा वाचलं. आता मला खरंच एक छोटं मॉडेल लिहून बघायचंय. जोडणीमागे एक आकडा चालणार नाही हे कळलं, पण सुरुवात किती चलांनी करू? सगळं घातलं तर कधीच चालणार नाही.

टिटवी

चार वाहकता घ्या, प्रवाह नको, वाहकताच घ्या, म्हणजे शंटिंग आपोआप येईल. एएमपीए: समतोल शून्यावर, उतरायला २ ते ५ मिलिसेकंद. एनएमडीए: समतोल शून्यावरच, उतरायला १०० मिलिसेकंदांच्या आसपास, आणि तिला मॅग्नेशियमचा व्होल्टेजवर अवलंबून असलेला गुणक लावा. त्यासाठी जार आणि स्टीव्हन्स यांचं १९९० चं समीकरण सर्रास वापरतात. गाबा-ए: उतरायला १० मिलिसेकंद, आणि क्लोराइडचा समतोल कोडमध्ये कायमचा लिहून टाकू नका, तो चल ठेवा. गाबा-बी (गाबाचा संथ, मेटाबोट्रॉपिक रिसेप्टर): समतोल पोटॅशियमचा, उणे ९० च्या जवळ, चढायलाच ५० मिलिसेकंद आणि उतरायला शेकडो.

अर्धविराम

आणि एम-प्रवाह घाला, त्याला एक गुणक देऊन तो गुणक मिनिटाच्या मापाने हलवा. मेटाबोट्रॉपिक बाजू एवढ्यावरसुद्धा दिसायला लागते.

काजवा

एनएमडीएचं कॅल्शियम वेगळं मोजू का?

टिटवी

बळकटीकरण दाखवायचं असेल तर हो, प्रत्येक सिनॅप्सला वेगळं. सगळ्या पेशीचं एकत्र मोजलंत तर शेजारचे न वापरलेले सिनॅप्सही बळकट होऊन बसतील. खऱ्या पेशीत डेंड्राइटवरच्या (न्यूरॉनच्या निरोप घेणाऱ्या फांदीवरच्या) काट्याची मान अरुंद असते, त्यामुळे कॅल्शियम बरंचसं त्या काट्यातच अडकून राहतं.